सबाहची आरामशीर ॲडव्हेंचर ट्रिप: किनाबालू, कयाक आणि दानुमचं जंगल, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

एकाच सुट्टीत चार हजार मीटरचा डोंगर चढायचा, समुद्रात कयाक चालवायची, वर्षावनात ओरांगउटान बघायचा आणि हे सगळं करून रात्री नीट गादीवर झोपायचं, असं कुणाला हवं असेल तर मी आधी सबाहचं नाव घेते. सबाह म्हणजे बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाचं मलेशियाचं राज्य, राजधानी कोटा किनाबालू, तिथले सगळे नुसतं केके म्हणतात. मुंबईहून क्वालालंपूरला थेट विमान आहे, तिथून केके अजून अडीच तास, आणि घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. केकेच्या जेट्टीवरून बोटीने वीस मिनिटांत बेटावर, गाडीने दोन तासांत किनाबालूच्या पायथ्याशी आणि छोट्या विमानाने तासाभरात लहाद दातूला, जिथून दानुमच्या जंगलाचा रस्ता सुरू होतो. तिन्ही गोष्टी इतक्या जवळ फार कमी ठिकाणी मिळतात.

आता लक्झरी म्हणजे काय ते आधी क्लिअर करूया. डोंगरावर तुम्ही कितीही पैसे मोजा, रात्र पानालाबानच्या (शिखराखालच्या मुक्कामाच्या जागेच्या) हटमध्येच काढायची असते आणि तिथे बहुतेकांना बंक बेडच मिळतो. त्यामुळे सगळा खर्च हॉटेलच्या रूमवर करायचा प्लॅन इथे कामाचा नाही. माझं स्पष्ट मत आहे की पैसे तीन गोष्टींवर घालावेत: मधले रिकामे दिवस, स्वतःचा वेगळा गाइड आणि जंगलातलं चांगलं लॉज. नवख्या माणसाला ट्रिप सुखाची जाते ती यानेच, समुद्राकडे तोंड असलेल्या व्हिलाने नाही (व्हिला छानच असतो, पण तो यादीत चौथा).

पायरी १: आधी चढाईची तारीख, मग बाकी सगळं

बरेच जण विमानाचं तिकीट काढतात आणि मग डोंगराचं बघतात, हे उलटं करा. किनाबालूवर रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, आकडा दोनशेच्या आतच असतो कारण वर झोपायच्या जागाच तेवढ्या आहेत, आणि परमिट, गाइड, विमा आणि हटमधला बेड हे सगळं असल्याशिवाय गेटच्या आत जाता येत नाही. सुट्टीच्या सीझनमधल्या तारखा कित्येक महिने आधी संपतात. म्हणून निदान पाच-सहा महिने आधी चढाईची तारीख पक्की करायची, मग दानुमचं लॉज, मग बेट आणि सगळ्यात शेवटी विमान.

महिना कुठला? डोंगर वर्षभर चालू असतो. पण पूर्वेकडे, म्हणजे जंगलाच्या बाजूला, नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी पाऊस जोरात असतो, त्यामुळे मार्च ते सप्टेंबर धरून चाला. आपल्याकडे शाळेच्या परीक्षा संपून एप्रिल-मेची सुट्टी लागते ती यात बरोबर बसते. कोरडा सीझन म्हटलं तरी दुपारी सर येतेच, वर्षावन आहे ते.

पायरी २: क्रम चुकवू नका

समुद्र, मग डोंगर, मग जंगल. हाच क्रम का, तर पहिले दोन-तीन दिवस बेटावर कयाक चालवली की प्रवासाचा शीण जातो, अंग मोकळं होतं, पण पायांवर ताण येत नाही. मग डोंगर, ताज्या पायांनी. आणि जंगल शेवटी, कारण किनाबालू उतरून आल्यावर दोन दिवस मांड्या इतक्या धरतात की हॉटेलच्या पायऱ्या उतरतानाही कठडा पकडावा लागतो. जंगलात पहिल्या संध्याकाळी गाडीतून नाइट ड्राइव्ह करता येतो, पायांना आराम मिळतो आणि काही बुडतही नाही.

एक महत्त्वाचं. बेटावर स्कूबा डायव्हिंगचा मोह होईल, ते चढाईच्या आदल्या दिवशी अजिबात नको. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि लगेच उंचीवर गेलं तर त्रास होऊ शकतो, त्यामुळे मध्ये निदान पूर्ण एक दिवस सोडा. स्नॉर्केलिंगला हरकत नाही.

ढोबळ प्लॅन असा: बेटावर तीन रात्री, किनाबालू पार्कजवळ एक, पानालाबानला एक, परत केकेत एक-दोन, दानुममध्ये तीन, आणि परतीच्या आधी केकेत एक. दहा-अकरा रात्री होतात. आठवड्यात बसवायचं असेल तर तिन्हीपैकी एक गोष्ट सोडा, घाईघाईत तिन्ही केल्या तर पैसे पूर्ण जातात आणि मजा अर्धीच येते.

पायरी ३: तयारी घरूनच

किनाबालूला दोर-कुऱ्हाडीचं गिर्यारोहण नाही, चालत चढायचा डोंगर आहे, पण हलक्यात घेऊ नका. चढाई सुरू होते ते टिम्पोहोन गेट १,८६६ मीटरवर आहे आणि सर्वोच्च टोक, लोज पीक, ४,०९५ मीटर. म्हणजे सव्वादोन हजार मीटरची चढाई. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची पूर्ण उंचीच १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज घ्या. आणि वाट म्हणजे बहुतेक पायऱ्याच, लाकडाच्या, दगडाच्या, काही गुडघ्याएवढ्या उंच.

तीन महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा जिने चढा-उतरा, पाठीवर पाच-सहा किलो घेऊन, आणि उतरण्यावर जास्त लक्ष द्या कारण इथे गुडघ्याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते, शिखरावरून थेट गेटपर्यंत पावणेनऊ किलोमीटर एका दमात उतरायचं. पुण्याचे असाल तर सिंहगड पहाटे वर-खाली, मुंबईचे असाल तर शनिवार-रविवार एखादा गड, आणि जायच्या आधी महिनाभर कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड. कयाकसाठी तारकर्ली नाहीतर गोव्यात एखादी सकाळ वल्हं हातात घेऊन बघा. पोहता येत नसेल तर निदान पाण्यात घाबरून न जाता लाइफ जॅकेटवर तरंगायची सवय करा.

पायरी ४: कागदपत्रं, विमा, डॉक्टर

भारतीय पासपोर्टला सध्या ३० दिवसांपर्यंत मलेशियाचा व्हिसा लागत नाही, ही सवलत २०२६ च्या अखेरपर्यंत जाहीर झालेली आहे, तरी तिकीट काढताना एकदा चेक कराच. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. सबाहचं इमिग्रेशन वेगळं आहे, क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने आलात तरी केकेला पासपोर्ट परत दाखवावा लागतो, त्यामुळे तो चेक-इन बॅगेत टाकू नका.

विमा घेताना एकच प्रश्न विचारायचा: किती उंचीपर्यंत कव्हर आहे? बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसी तीन हजार मीटरच्या वर हात वर करतात. ४,१०० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग, व्हिया फेराटा (कड्यावरची लोखंडी पायऱ्यांची वाट, पुढे सांगते) करणार असाल तर तेही, आणि कयाकिंग, या तिन्हींचा उल्लेख लेखी हवा.

डॉक्टरांकडे तीन गोष्टी बोला. पहिली उंचीची: एका दिवसात ३,२७२ मीटरवर जाऊन झोपायचं असतं, त्यामुळे डोकेदुखी-मळमळ बऱ्याच जणांना होते. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते डॉक्टरांनीच ठरवावं, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. दुसरी मलेरिया, सबाहमध्ये माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा एक प्रकार आहे. आणि तिसरी लेप्टो. लेप्टो आपल्याला मुंबईच्या पावसाळ्यामुळे माहीत आहेच, इथे २००० साली इको-चॅलेंज नावाची साहसी शर्यत झाली होती आणि त्यातल्या बऱ्याच स्पर्धकांना तो झाला, पुढच्या तपासात सेगामा नदीत पोहण्याशी त्याचा संबंध निघाला. सेगामा म्हणजे दानुमच्याच बाजूची नदी. पायावर जळवांनी केलेल्या जखमा घेऊन नदीत उतरायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

पायरी ५: समुद्र

केकेसमोर गाया, मानुकान, मामुतिक, सापी आणि सुलुग अशी पाच बेटं आहेत, मिळून तुंकू अब्दुल रहमान पार्क, १९७४ पासून संरक्षित. राहायला गाया सगळ्यात चांगलं, मोठं आहे, मधे जंगल आहे आणि चांगली रिसॉर्ट्स याच बेटावर आहेत.

नवख्याने पहिल्या दिवशी उघड्या समुद्रात जायचं नाही. मालोहोम बे सारख्या आतल्या खाडीत सुरुवात करा, गाइडसोबत दोघांच्या कयाकमध्ये. वल्हं दंडाच्या जोराने ओढलं तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात, कमरेपासून वरचं अंग वळवून मारायचं, पाय फुटरेस्टवर दाबून. हे पहिल्याच तासात शिकून घ्या, पुढचे सगळे तास सोपे जातात.

वेळ म्हणजे सकाळ. सातला निघालात तर पाणी तेलासारखं सपाट असतं, दुपारी वारा सुटतो आणि ढग भरतात, तोवर परत यायचं. कांदळवनातून कयाकिंग करायचं असेल तर रिसॉर्टवाल्यांना भरतीची वेळ विचारून त्यावर दिवस ठरवा, ओहोटीला तिथे चिखल आणि मुळ्याच उरतात. भरतीला आत शिरलात, वल्हं आडवं ठेवून गप्प बसलात, की मग दिसायला लागतं: मुळ्यांवरून खाली-वर करणारे खेकडे, चिखलावर उड्या मारणारे निवटे, फांदीवरून सूर मारणारा खंड्या. आपल्या खाडीकाठच्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. नशीब असेल तर झाडावर लांब नाकाची प्रोबोसिस माकडंही दिसतात, ती फक्त बोर्निओतच आहेत.

काळजी कशाची घ्यायची? स्पीडबोटींची. बेटांमधून त्या सतत भरधाव जात असतात आणि पाण्याला टेकलेली कयाक त्यांना उशिरा दिसते, म्हणून भडक रंगाचं जॅकेट, आणि बोटींचा रस्ता ओलांडायचा तर सगळ्यांनी एकत्र, सरळ रेषेत. दुसरं म्हणजे जेलीफिश. या समुद्रात बॉक्स जेलीफिश आहेत, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि लांब टाइट्स घाला, आणि गाइडच्या बोटीत व्हिनेगर आहे का ते निघायच्या आधी विचारा.

पूर्व किनाऱ्यावरच्या सेंपोर्णाच्या बेटांचे फोटो बघून तिकडे कयाक न्यावी असं वाटेल, पण त्या पट्ट्यात पूर्वी अपहरणं झालेली आहेत आणि तिथल्या समुद्रात बरीच वर्षं संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी होती. पहिल्या ट्रिपला पश्चिमेकडेच राहा.

पायरी ६: किनाबालू

चढाईच्या आदल्या रात्री केकेत राहून पहाटे गाडीने येणारे खूप आहेत. मी सांगेन की ती रात्र पार्क मुख्यालयाजवळच काढा, ते साधारण दीड हजार मीटरवर आहे, थोडी सवय होते, झोपही पुरते. पार्कमध्ये एक दुपार वनस्पती बघण्यात घालवा, २००० साली युनेस्कोच्या यादीत आलेला हा पार्क मुख्यतः त्याच्या झाडांसाठीच नावाजलेला आहे, ऑर्किडं आणि कीटक खाणारे कलशपर्णी इथे इतक्या जातींचे आहेत की एक दुपार कमीच पडते.

सकाळी नोंदणी, गळ्यात ओळखपत्राचा टॅग (हरवू नका, चेकपोस्टला बघतात), गाइडची ओळख. पाच जणांमागे एक गाइड असा साधारण हिशोब असतो. इथेच पैसे वापरा, दोघंच असाल तरी स्वतःचा गाइड घ्या, म्हणजे तुमच्या वेगाने चालता येतं. सॅक पोर्टरकडे द्या, किलोवर पैसे असतात, आणि त्यांना नीट टीप द्या. पहिला दिवस सहा किलोमीटर, पाच-सहा तास, वाटेत थोड्या थोड्या अंतरावर निवारे आहेत, तिथे पाणी आणि टॉयलेट मिळतं. फार हळू चाला. सोबत चालणाऱ्याशी गप्पा मारता येतील इतकाच वेग, दम लागून बोलणं तुटत असेल तर वेग जास्त आहे. जंगल कसं बदलतं ते बघत जा: खाली उंच ओक, मग शेवाळाने लपेटलेली वेडीवाकडी झाडं, मग खुरटी झुडपं, आणि शेवटी नुसता कातळ.

पानालाबानला दुपारी पोचलात की गरम सूप प्या, संध्याकाळी पाच-सहाला जेवा, आणि सातला झोपा. झोप लागली नाही तरी पडून राहा. रात्री दोनला उठवतात. डोकं प्रचंड दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर वर जायचं नाही, गाइडला सांगून खाली उतरायचं, यावर चर्चा नको.

अडीचच्या सुमाराला हेडलॅम्प लावून निघायचं. पहिला तास लाकडी जिने, मग कातळ आणि त्यावर टाकलेला जाड पांढरा दोर. सायात-सायातच्या ३,६६८ मीटरवरच्या चेकपोस्टला टॅग दाखवायचा, ठरलेल्या वेळेत तिथे पोचला नाहीत तर पुढे सोडत नाहीत, आणि पाऊस जोरात असेल तर कुणालाच सोडत नाहीत. तिथून वर फक्त ग्रॅनाइट. बुटाखाली तो सँडपेपरसारखा खरबरीत लागतो, त्यामुळे कोरडा असेल तर पकड उत्तम, ओला असेल तर दोर सोडायचा नाही. हातमोजे हवेतच, तळव्याला पकड असलेले, कारण दोर दवाने भिजलेला असतो आणि तापमान शून्याच्या आसपास. पुढे दिव्यांची रांग हळूहळू वर सरकताना दिसते आणि चढ संपतच नाही असं वाटतं, तेव्हा पावलं मोजा, तीस पावलं आणि थांबा. सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि मग कळतं की आपण रात्रभर केवढ्या मोठ्या उघड्या कातळावरून चालत होतो.

व्हिया फेराटा म्हणजे कड्यावर ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या आणि तारेवरून, हार्नेस लावून जायची वाट. इथली जगातल्या सगळ्यात उंचावरची म्हणून ओळखली जाते. नवख्यांनी छोटा मार्ग, वॉक द टॉर्क, घ्यावा, मोठा लोज पीक सर्किट पुढच्या वेळी. आदल्या संध्याकाळचं ट्रेनिंग चुकवलं तर जाऊ देत नाहीत. नियम एकच पाठ करा, दोन्ही हुक एकाच वेळी कधीच सोडायचे नाहीत.

आणि हे मनापासून सांगते, हा डोंगर इथल्या दुसून लोकांसाठी पवित्र आहे, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे पूर्वजांचे आत्मे इथे राहतात आणि दरवर्षी त्यांच्यासाठी मोनोलोब नावाचा विधी होतो. ५ जून २०१५ च्या भूकंपात याच डोंगरावर १८ जण गेले, त्यात चढणाऱ्यांबरोबर गाइडही होते. तुमचा गाइड बहुधा याच गावांतला असेल. शिखरावर आरडाओरडा, मोठ्याने गाणी, दगडावर नावं, हे काही करू नका.

पायरी ७: दानुमचं जंगल

लहाद दातूहून फोर व्हीलरने कच्च्या रस्त्याने दोन-अडीच तास. दानुम व्हॅलीचं संरक्षित क्षेत्र ४३८ चौरस किलोमीटर आहे आणि संरक्षण मिळण्याआधीही इथे वस्ती नव्हती आणि मोठी तोड झालेली नाही, हेच त्याचं मोल. याच जंगलात २०१९ मध्ये १००.८ मीटरचा एक पिवळा मेरांटी वृक्ष मोजून जाहीर झाला, उष्ण कटिबंधातला मोजलेला सर्वात उंच. बोर्निओ रेनफॉरेस्ट लॉज १९९४ पासून इथे आहे, दर ऐकून धक्का बसेल, पण त्यात गाइड, जेवण, गाडी सगळं येतं, आणि पूर्ण ट्रिपमध्ये पैसे खर्च करायची जागा असेल तर हीच. दोन नाही, तीन रात्री घ्या.

कारण इथे प्राणी समोर येऊन उभे राहत नाहीत. पहिल्या दिवशी नुसतं हिरवं दिसतं. दुसऱ्या दिवशी डोळा बसायला लागतो, उंचावर वाळलेल्या पानांचा गोळा म्हणजे ओरांगउटानचं रात्रीचं घरटं हे कळतं, आणि मग गाइड हात वर करून थांबतो, वरून फळाच्या साली पडत असतात, आणि पानांच्या आत तांबूस केसांचा एक हात सावकाश फांदी वाकवताना दिसतो. तिथे अर्धा तास उभं राहायची तयारी ठेवा. निदान दहा मीटर लांब, आवाज नाही, फ्लॅश नाही, सर्दी-खोकला असेल तर गाइडला आधी सांगा, आपले आजार त्यांना लागतात.

पहाटेचं कॅनोपी वॉकवे अजिबात चुकवू नका. झाडांना बांधलेले झुलते पूल, जमिनीपासून पंचवीसेक मीटर वर, खाली धुकं, लांबून गिबनची हाक, आणि डोक्यावरून धनेश उडाला की पंखांचा घरघर आवाज स्पष्ट ऐकू येतो. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत. रात्रीच्या ड्राइव्हला मोठ्या उडत्या खारी एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाताना दिसतात, स्लो लोरिस दिसतो, उदमांजर दिसतं. ढगाळ बिबट्या (क्लाउडेड लेपर्ड) दिसला तर लॉटरी, त्याची अपेक्षा धरू नका.

जळवा असणारच, आंबोलीचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना नवीन नाही. फक्त इथे काही जळवा पानांवर बसून कमरेच्या उंचीलाही चिकटतात. लीच सॉक्स गुडघ्यापर्यंत, शर्ट आत खोचलेला, आणि चिकटलीच तर नखाने तोंडाकडून सरकवून काढा. एसी रूममधून कॅमेरा थेट बाहेर नेला तर लेन्सवर वाफ धरते आणि प्राणी समोर असताना फोटो येत नाही, म्हणून बॅग रात्री एसीपासून दूर ठेवा. दुर्बीण ८x४२, दोघांत एक नको, प्रत्येकाला वेगळी.

वेळ असेल तर किनाबातांगान नदीवर सुकाऊला दोन रात्री जोडता येतात. तिथे बोटीतून कमी कष्टात जास्त प्राणी दिसतात, हत्तीसुद्धा, पण त्याचं एक कारण हे आहे की पामतेलाच्या मळ्यांनी जंगल नदीकाठच्या पट्ट्यात दाबून टाकलंय. ते बघून वाईट वाटतं, तरीही बघावं असं मला वाटतं.

खाणं आणि बॅग

शाकाहारी असाल तर प्रत्येक बुकिंगला लेखी कळवा, आणि नुसतं व्हेज म्हणून थांबू नका, बेलाचान नको असं वेगळं सांगा. ती वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, पालेभाजीतही घालतात आणि वाढणाऱ्याला ती मांसाहार वाटतच नाही. लॉजवर आणि बेटावर सोय छान होते, पानालाबानला बुफेमध्ये भात, भाजी, अंडी, ब्रेड मिळतं. शिखराच्या रात्रीसाठी घरून चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू न्या, थंडीत चॉकलेट दगडासारखं होतं, चिक्की तशीही कडकच असते.

कपडे दोन वेगळ्या पिशव्यांत भरा. एकात डोंगराचं: थर्मल, फ्लीस, वॉटरप्रूफ जॅकेट, टोपी, मोजे, हेडलॅम्प आणि सेलची जादा जोडी. दुसऱ्यात समुद्र-जंगलाचं: पटकन वाळणारे पूर्ण बाह्यांचे शर्ट, रॅशगार्ड, ड्राय बॅग, डासांचं मलम. कॉटन आणि जीन्स घरी ठेवा, या दमट हवेत वाळतच नाहीत. डोंगराची पिशवी उतरल्यावर केकेच्या हॉटेलात ठेवून द्या, लहाद दातूच्या छोट्या विमानात सामानाची मर्यादा कमी असते. आणि लहाद दातूहून केकेला येणारं विमान पावसाने रखडू शकतं, त्यामुळे त्याच दिवसाचं क्वालालंपूर-मुंबई तिकीट काढू नका, शेवटची एक रात्र केकेत ठेवलेली बरी, संध्याकाळी फिश मार्केटजवळ चक्कर मारता येते आणि जंगलातले ओले बूट लाँड्रीत वाळवून बॅगेत टाकता येतात.